बारा ट्यूबांवरचं कुंकू

सोमवार, ३ मार्च २०२५

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ पक्की आहे, कारण सुप्रीता टेस्टच्या वहीत वेळ लिहीत होती आणि मी तिच्या पेनाकडे बघत होतो.

तीन महिने झाले, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पाठीमागच्या या शेडमध्ये मी काचा धुतोय. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडून आलेल्याला दुसरं काय देणार? सोडलं म्हणजे, विभागप्रमुखांच्या टेबलावरची काच आधी फोडली, मग सोडलं. निपाणीहून बाबांचा एकच फोन आला, "परत येऊ नको म्हणत नाही. पण येशील तेव्हा चार माणसांत उभा राहशील असा ये." मी गेलोच नाही.

इथे व्हॅक्यूम ट्यूबा बनतात. गाणी ऐकायच्या महागड्या अॅम्प्लिफायरमध्ये बसतात त्या, काचेच्या, आतून मंद पेटणाऱ्या. जगात अजून असले वेडे आहेत. पंप लावून ट्यूबमधली हवा काढायची, काच वितळवून टोक बंद करायचं. तरी थोडी हवा राहतेच, काचेत नि धातूत मुरलेली. तिच्यासाठी आत एक चिमुकली कडी असते, तिच्यात बेरियम. तिचं नाव गेटर. बाहेरून तांब्याचं वेटोळं धरून वीज सोडली की कडी आतल्या आत लाल होते, बेरियम उडून काचेवर बसतं आणि आरसा तयार होतो. तो आरसा उरलेली हवा गिळत राहतो, ट्यूब जिवंत असेपर्यंत.

आज अण्णांनी ते वेटोळं पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. कडी लाल झाली, पिवळी झाली आणि एका क्षणात काचेवर चांदी पसरली. त्या चांदीत मला माझ्या मागे उभी असलेली सुप्रीता दिसली. वाकडी, बोटाएवढी. म्हणाली, "बरा आलाय."

गेटरबद्दल म्हणाली. मला कळतं तेवढं.

रघुपती अण्णा तिचे वडील. साहेबांनी शेड उघडली त्या दिवसापासून पंपावर तेच. त्यांची एक रीत आहे. ट्यूब मनासारखी झाली की तिच्या टोकावर, जिथे काच बंद केलेली असते तिथे, वार्निशमध्ये कालवलेल्या कुंकवाचा एक ठिपका. बाकी कुणी तो लावत नाही. त्रिविक्रम साहेब टेस्टची कार्डंबिर्डं बघत नाहीत, टोक बघतात. कुंकवाची बाटली अण्णांच्या खणात, खणाला कुलूप, आणि किल्ली सुप्रीताच्या पर्समध्ये, कारण अण्णा किल्ल्या हरवतात.

गुरुवार, १३ मार्च

म्हाताऱ्याने आज सगळ्यांसमोर माझी अब्रू काढली.

पंपाचा काटा खाली आला म्हणून मी वेटोळं उचललं. त्यांनी माझं मनगट धरलं. "स्वल्प थांब, तम्मा. गेटर म्हणजे केरसुणी नव्हे." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, मला ते तसंच म्हणतात.

"काटा खाली आलाय की अण्णा."

"काटा खोटं सांगत नाही, पण सगळं सांगतही नाही. लग्नघरातले पाहुणे गेले, दोघं म्हातारे मागे राहिले, त्या दोघांना अंथरूण घालायचं, एवढंच गेटरचं काम. तू अख्खं वऱ्हाड त्याच्या अंगावर निजवतोस. चार तास भट्टी. मग आतला धातू तापवून त्याचा सगळा वायू बाहेर. काटा पडल्यावर आणखी अर्धा तास. मग हे."

मी म्हटलं, कॉलेजात असं काही शिकवलं नाही.

"कॉलेजात पूर्ण वेळ बसला असतास तर शेवटच्या वर्षी शिकवलं असतं."

सुप्रीता हसली. फार नाही, नाकातल्या नाकात. मी हातातली काच खाली ठेवली. म्हणजे टाकली. चार तास म्हणे. या माणसाने सगळं आयुष्य वाट बघण्यात घालवलं आणि त्याला तो विद्या म्हणतो.

शनिवार, २२ मार्च

दोन दिवस म्हातारा नव्हता. तंजावरला गेला होता म्हणे, काहीतरी घरचं. आज आला तर कपाळ कोरं, रोजची ती अंगाऱ्याची उभी रेघ नाही. कालच्या पूजेचा नारळ साहेबांनी माझ्याकडे वाटायला दिला होता. मी अण्णांपुढे ताट धरलं, त्यांनी हात मागे घेतला. "मला नको." माझ्या हातचं नको, असंच ना? चालेल. लक्षात ठेवीन.

सुप्रीतानेही आज टिकली लावली नव्हती. केस नुसते बांधलेले, डोळे जरा सुजलेले. इतकी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती. मी धीर करून म्हणालो, "टिकलीशिवाय जास्त छान दिसतेस. रोज अशीच येत जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग तिच्या टेबलाकडे गेली. शब्द पोहोचला असणार.

मंगळवार, २५ मार्च

ओसाकाची चोवीस ट्यूबांची ऑर्डर. अण्णांनी काल बारा केल्या, आज बारा माझ्या. पहिल्यांदाच एकट्याने. अण्णा शेजारच्या खोलीत काच जोडत बसले होते.

दुपारी दोनला सुप्रीता येऊन म्हणाली, "पाचला निघणार असशील तर मला जे. पी. नगरला सोडशील? आत्याकडे डबा द्यायचाय. बसने फार उशीर होतो."

चार तासांची भट्टी आणि पुढचं सगळं धरलं असतं तर रात्रीचे आठ. मी दीड तासात उरकलं. काटा अगदी तळाशी होता, देवाशपथ. बारा गेटर, बारा आरसे, एकेक असा चकचकीत की दाढी करावी. पावणेपाचला हात धुतले.

बाइकवर ती एका बाजूला बसली आणि आमच्या मध्ये डबा. वळणावर डब्याचा कोपरा पाठीत रुतत होता. फ्लायओव्हरवर वारा होता म्हणून मी तिला काहीतरी विचारलं, ती म्हणाली, "समोर बघ." जे. पी. नगरला उतरून म्हणाली, "थँक्स."

पाठीवर डब्याचा वळ उठलाय. रात्री आरशात बघितला.

बुधवार, २६ मार्च

चोवीसच्या चोवीस पास. सुप्रीताने टेस्ट केल्या, तिनेच पेटीत भरल्या. अण्णांनी या खेपेस स्वतःच्या बारांनाही ठिपका लावला नाही. साहेब विमानाच्या घाईत होते, त्यांनी बघितलंही नाही. रुसलाय म्हातारा. माझ्या ट्यूबा त्याच्या ट्यूबांशेजारी बसल्या, हे त्याला सोसलं नसणार. टोकं सगळ्यांची सारखी, उघडी. आता ओळखा कोण कुणाची.

मंगळवार, ६ मे

ओसाकाहून मेल. बारा ट्यूबा गेल्या. आरसे कडेने तपकिरी होत होत आक्रसले, आत निळं धुकं दिसतं. बारा चांगल्या आहेत, बारा परत पाठवताहेत.

साहेबांनी मेल मोठ्याने वाचला आणि विचारलं, "या बारा कुणाच्या?" अण्णा तेव्हा बँकेत गेले होते. सुप्रीता टेस्टच्या खोलीत, दार बंद.

मी म्हणालो, "पेटी आल्यावर टोक बघून कळेलच की साहेब."

हे वाक्य तोंडातून कसं आलं ते मला माहीत नाही. आलं एवढं खरं.

सोमवार, १९ मे

सगळं लिहून ठेवतो. कुणाला तरी सांगायला हवं आणि कुणाला सांगणार?

पेटी साडेबाराला आली. साहेब बाहेर होते. अण्णा आणि सुप्रीता मागच्या झाडाखाली जेवायला गेले. तिची पर्स खुंटीवर. चेन अर्धी उघडी होती. आत पेपरमिंटच्या गोळ्या, एक तुटकी हेअरपिन, बसचा पास. पासवरच्या फोटोत ती शाळेतली वाटते. तो मी थोडा वेळ बघितला. किल्लीला पिवळा रबरबँड गुंडाळलेला. खणात कुंकवाची बाटली, काडीला कापूस. बारा टोकं, बारा ठिपके. अण्णांचा ठिपका जरा डावीकडे कलतो, मी तसाच कलवला. गरम हवेच्या बंदुकीने दोन मिनिटांत वाळले. किल्ली जागेवर, रबरबँडसकट. सगळं मिळून अकरा मिनिटं.

तीनला साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. काचेतून दिसत होतं, दार अर्धवट उघडं. साहेबांनी पेटी उघडून टेबलावर सरकवली. अण्णांनी एक ट्यूब उचलली. आरसा बघितला, मग टोक बघितलं. टोक खूप वेळ बघितलं. अंगठ्याने ठिपक्यावरून हात फिरवला. मग मान वर करून काचेतून बाहेर बघितलं.

माझ्याकडे नाही. सुप्रीताकडे. ती पाठमोरी बसून मीटर लावत होती.

"अण्णा, तुमच्याकडून हे?" साहेब म्हणाले.

"सरी," म्हणजे बरं, अण्णा म्हणाले. "माझ्याच आहेत."

"डोळे तपासून घ्या म्हटलं होतं मी गेल्या वर्षी."

"होय. उद्यापासून येत नाही मी. फक्त एक करा, बाहेर कुणाला सांगू नका. सुप्रीतालाही नको."

साहेबांनी पेटी स्टीलच्या कपाटात घातली आणि कुलूप लावलं.

मला वाटलं होतं म्हातारा भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

मंगळवार, २० मे

अण्णांचं स्टूल माझं झालं. एक पाय आखूड आहे, डुगडुगतं.

तसंही वर्षभरात ते बसणारच होते घरी. माझी सगळी उमर पुढे आहे. आणि उद्या मी जावई झालो तर त्यांना मीच बघणार ना. म्हणजे हिशेब शेवटी घरातल्या घरातच.

शुक्रवार, १३ जून

अण्णा उरलेलं सामान न्यायला आले होते. एक चष्मा, एक चिमटा, आणि ती बाटली. बाटली त्यांनी खिडकीतून बाहेर, गवतात रिकामी केली.

देवनहळ्ळीला एका नव्या लेआउटवर वॉचमन झालेत. प्लॉट पडलेत, घरं अजून नाहीत, नुसते दगड राखायचे. तिथेच खोली दिलीय.

जाताना माझ्यापाशी थांबले. मी वेटोळं खाली ठेवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाई करत जाऊ नको, तम्मा. आणि तिला जप."

तिला जप! विरघळला म्हातारा. दिवसभर एकही गेटर नीट उडवता आला नाही.

बुधवार, ९ जुलै

सुप्रीता वाळत चाललीय. जेवायला झाडाखाली एकटीच बसते. आज मी डबा घेऊन शेजारी गेलो. विचारलं, अण्णा कसे आहेत.

"माहीत नाही. घरी येतच नाहीत. मी रविवारी जाते तर गेटवर उभे राहतात, आत बोलावत नाहीत. मे महिन्यापासून एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी. मी काय केलंय तेही सांगत नाहीत."

"वय झालं की होतं असं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "माझे वडील तसे नाहीत." आणि डबा बंद केला.

गुरुवार, २४ जुलै

विचारलं. पार्किंगमध्ये, सहा वाजता. सगळं म्हणालो, तीन मार्चपासूनचं. अण्णांचीही संमती आहे, हेही म्हणालो.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "कृष्णात, तू मला आवडत नाहीस असं नाही. मला तू दिसतच नाहीस. आमच्या घरी नुकतंच माणूस गेलं होतं, तेव्हा तू मला टिकलीशिवाय छान दिसतेस म्हणालास. तेव्हापासून मी तुझ्याशी कामापुरतं बोलते. तुझ्या लक्षातही आलं नाही."

माझं डोकं फिरलं. कुणाचंही फिरलं असतं. मी म्हणालो, "बापाला कामावरनं काढलं तरी मिजास बघ."

"काढलं? अप्पांनी सोडलं."

"सोडलं? बारा ट्यूबा घाण करून ठेवल्या म्हणून घालवला साहेबांनी. ओसाकाहून परत आल्या. कपाटात आहेत, जाऊन बघ, तुझ्या अप्पांच्या कुंकवासकट."

ती गेली. बसकडे नाही. परत आत, केबिनकडे.

पीजीच्या खोलीवर येऊन जेवलो नाही. सुनावलं ते बरं झालं. ऐकू दे जरा.

शुक्रवार, २५ जुलै

सकाळी आलो तेव्हा ती माझ्या स्टुलावर बसली होती. हातात त्या बारांतली एक ट्यूब. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेटी मी भरली होती. एकाही टोकावर ठिपका नव्हता. का नव्हता?"

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"तंजावरचे काका गेले होते. दहा दिवस सुतक होतं आम्हाला. अप्पांनी नारळाला हात लावला नाही, देवाला लावला नाही, ते कुंकवाला हात लावतील?"

आमच्या निपाणीतही पाळतात सुतक. आजोबा गेले तेव्हा मी स्वतः पाळलंय. कोरं कपाळ समोर होतं, मी ताट धरून उभा होतो, आणि मला त्यात माझा अपमान तेवढा दिसला.

तिने पक्कड घेतली आणि ट्यूबचं टोक मोडलं. कुंकवाचा तुकडा टेबलावर पडला. आत हवा शिरली, एक बारीक सुस्कारा ऐकू आला. काचेवर जी काय चांदी उरली होती ती आमच्या डोळ्यांदेखत पांढरी झाली, दुधाच्या सायीसारखी. हे मी शंभरदा ऐकलं होतं, बघितलं नव्हतं.

"किल्ली माझ्याकडे होती," ती म्हणाली. "अप्पांनी टोक बघितलं आणि त्यांना वाटलं, हे मी केलं. पेटी भरताना, घरच्या सुतकात, त्यांच्या हाताची नक्कल करून. तुला वाचवायला. म्हणून माझे अप्पा माझ्याशी बोलत नाहीत."

इथे खरं ते लिहितो. त्या क्षणी मला आनंद झाला. जगात एका माणसाच्या डोक्यात तरी सुप्रीताने माझ्यासाठी काहीतरी केलं होतं.

"साहेबांना काय सांगायचं ते नंतर," ती म्हणाली. "रविवारी माझ्याबरोबर देवनहळ्ळीला ये. अप्पांना एक वाक्य सांग. तिने केलं नाही, मी केलं. एवढंच. मग तू कुठेही जा."

रविवार, २७ जुलै

गेलो. बसमध्ये ती पुढच्या सीटवर, मी मागच्या. ही डायरीची वही पिशवीत होती. शुक्रवारपासून ती मी पीजीवर ठेवत नाही.

खोली म्हणजे गेटशेजारी पत्र्याखालच्या चार भिंती. वॉचमनची टोपी खिळ्यावर. अण्णांच्या कपाळावर रेघ परत आलेली. मला म्हणाले, "ये, तम्मा, बैस." स्टोव्हवर कॉफी केली. माझा पेला हातात दिला. तिचा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तिला हात लांबवून घ्यावा लागेल असा.

मी म्हणालो. सगळं म्हणालो, एका वाक्यावर थांबलो नाही. "त्या बारा माझ्या होत्या. ठिपके मी लावले. किल्ली तिच्या पर्समधून घेतली, तुम्ही दोघं झाडाखाली जेवत होता तेव्हा. तिला काही माहीत नव्हतं."

अण्णांनी कॉफीवर फुंकर घातली. मग तिच्याकडे वळले. दोन महिन्यांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "पाठ चांगलं करून घेतलंस."

"अप्पा, तो खरं सांगतोय."

"ट्यूबा त्याच्या, हे मला केबिनमध्येच कळलं. माझा आरसा दोन महिन्यांत आक्रसत नाही. त्याचा राग नाही. तो परका, पोरगा, चुकला. पण चार तासांचं काम दीड तासात उरकणारा माणूस स्वतःहून इथवर चालत येऊन चूक कबूल करील? त्याला तू आणलंस. तेव्हाही त्याच्यासाठी खोटं केलंस, आज स्वतःसाठी त्याला खोटं बोलायला लावलंस."

"पर्समधून घेतली म्हणतोय तो."

"पर्स तुझ्या खांद्यावरून उतरत नाही, हे मला माहीत आहे."

मग मला म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "तू भला, तम्मा. तिचं अंगावर घ्यायला आलास. करा लग्न. माझी ना नाही. फक्त मला बोलावू नका."

सुप्रीता माझ्याकडे वळली. माझ्याकडे तिने एवढं कधीच बघितलं नव्हतं. "कृष्णात, काहीतरी सांग. जे फक्त तुलाच माहीत असेल असं काहीतरी."

पिशवी माझ्या मांडीवर होती. एकोणीस मेचं पान. पेपरमिंट, तुटकी हेअरपिन, पिवळा रबरबँड, खुंटीवरची पर्स, अकरा मिनिटं, त्याच दिवसाच्या शाईत. अण्णा मराठी वाचणारा माणूस आहे. दोन मिनिटं लागली असती. पण ते पान एकटं नाही. त्याच्या आधी ‘म्हातारा’ आहे, टिकली आहे, नंतर परवाचा तो आनंद आहे. ती सगळं वाचणार. आणि ‘माझी ना नाही’ हे शब्द अजून खोलीत होते, कुणी परत घेतले नव्हते.

पिशवीचा बंद मी बोटाला गुंडाळला, सोडला.

"आणखी काय सांगू," मी म्हणालो. "सांगितलं सगळं."

तिने कट्ट्यावरचा पेला उचलला, त्यातली कॉफी मोरीत ओतली आणि पेला विसळायला लागली. आधीच स्वच्छ झालेला पेला ती विसळतच राहिली. अण्णा तिच्या पाठीकडे बघत नव्हते. खिळ्यावरच्या टोपीकडे बघत होते.

मी उठलो. "येतो, अण्णा."

"सावकाश जा. पाचची बस आहे."

पिशवी खांद्याला लावली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.